आत्याचा मिक्सर

आमच्या मजल्यावर वास आला की आधी खिडक्या लागतात आणि मग दामल्यांची बेल वाजते. डोंबिवलीत एमआयडीसीच्या अंगाला राहणाऱ्यांना वासाचं नवल नाही, पण तो कसला आहे हे कळलं की माणसाला जरा बरं वाटतं. मधुकाका दामले गॅलरीत येतात, नाक वर करतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "सल्फाइडचा आहे. वारा फिरला की जाईल. गच्चीवरचे कपडे तेवढे काढून घ्या." त्यांची सगळी नोकरी रंगाच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला गेली. त्यांची सही झाल्याशिवाय पिंप गेटबाहेर पडत नसे आणि तपासल्याशिवाय त्यांची सही होत नसे. मालकाचा जावई एकदा म्हणाला, "राहू द्या हो, उद्या बघू," तेव्हा काका पेन खिशाला लावून सरळ जेवायला निघून गेले होते. हा किस्सा आम्ही दर गणपतीत ऐकतो.

रिटायर झाल्यावर तपासायला कंपनी उरली नाही, म्हणून त्यांना आमची सोसायटी सापडली. टाकीतलं पाणी, लिफ्टचा दोर, इस्त्रीवाल्याचे कोळसे, काही सुटलं नाही. माझा आणि त्यांचा दरवाजा समोरासमोर. मी शाळेत भूगोल शिकवते, एकटी राहते आणि तोंडाने फटकळ आहे, असं काकांच्या पत्नी सरोजकाकू मला तोंडावर सांगतात. काकांशी माझं भांडण बारमाही चालू असतं आणि त्यांच्याइतका माझा भरवसाही कोणावर नाही. निदान तेव्हा नव्हता.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र सर्रास खोटं बोलायचा. दर शनिवारी तो मुलाला घेऊन कल्याणला जायचा आणि लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर सांगायचा, "सलिलचा कॉम्प्युटरचा क्लास असतो." तिशी ओलांडलेल्या मुलाला बाप क्लासला सोडायला जातो, हे ऐकून आम्ही सगळे "वा, छान" म्हणायचो आणि लिफ्टमधल्या आकड्यांकडे बघत राहायचो. सगळ्या बिल्डिंगला सगळं माहीत होतं. सलिल इंजिनीअरिंगला असताना आजारी पडला. बाथरूमच्या झरोक्यातून कोणीतरी गॅस सोडतंय म्हणून त्याने तिथे टेप चिकटवली. मी दाराच्या भोकातून त्याच्यावर पाळत ठेवते, असं माझ्या दारात येऊन ओरडला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग ठाण्याचे डॉक्टर झाले, स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात आला, गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू त्याला ऐकू येणारे आवाज थांबले. कॉलेज सुटलं ते सुटलंच, पण हातात कला होती. लोकांचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या घरी बसून दुरुस्त करायला लागला. मागे राहिला तो संशय. दोन माणसं हळू बोलताना दिसली की ती आपल्याबद्दलच बोलतायत असं त्याला वाटायचं आणि एकदा वाटलं की ते पक्कंच व्हायचं.

काकांना मुलाची लाज वाटायची. आणि आपल्याला ती वाटते याची त्याहून जास्त लाज वाटायची. त्यामुळे ते सलिलशी फार गोड बोलायचे आणि त्याच्याबरोबर रस्त्याने चालताना दोन पावलं पुढे असायचे.

कल्याणचा तो क्लास म्हणजे मेघना वाघमारे नावाच्या मानसशास्त्रज्ञ मुलीचा गट. मूळची आंबिवलीची, हसतमुख, आवाज खणखणीत. सलिलसारख्या सहासात जणांना ती गोल बसवायची आणि घरच्या माणसांना मागच्या खुर्च्यांवर. पहिल्या दिवशी काका तोंड पाडून गेले आणि परत आले ते माझ्या दारात उभं राहून सांगत सुटले, कारण तिथे चाललं होतं ते त्यांचंच काम होतं, तपासणी. मेघना पडद्यावर एक चित्र थोडं थोडं दाखवायची. आधी एक रेघ, मग दुसरी. कधी खात्री झाली ते सांगायचं. सलिल दुसऱ्याच रेघेला म्हणाला, "कबूतर. शंभर टक्के." मागून काकाही हळूच म्हणाले, "जहाज आहे." पूर्ण चित्र आलं तेव्हा ती चहाची किटली निघाली. काका ओशाळले. मेघना हसून म्हणाली, "काका, सगळ्यांचंच होतं. घाई सगळ्यांनाच असते. यांना ती महाग पडते एवढंच."

हे वाक्य काकांना इतकं आवडलं की ते मला जिन्यात, गच्चीत, भाजीवाल्यासमोर, कुठेही ऐकवायचे. कोणाच्या संदर्भात ते मात्र सांगायचे नाहीत.

तिने सगळ्यांना तीन प्रश्न पाठ करायला लावले होते. मला नक्की काय माहीत आहे? याचं दुसरं काय कारण असू शकेल? आणि कोणाला विचारून बघता येईल? तिसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येकाने आपला एक माणूस ठरवायचा होता. रत्नदीप नावाच्या मुलाने बहिणीचं नाव घेतलं. सलिल म्हणाला, "बाबा." मेघनाने विचारलं, बाबाच का? तर म्हणाला, "बाबा तपासल्याशिवाय काही बोलत नाहीत." हे मला सांगताना काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. मी आपली दूध उतू जायचं निमित्त करून आत पळाले.

आणि खरंच फरक पडला. वास आला की सलिल पूर्वीसारखा टेप शोधत नसे. गॅलरीत येऊन विचारायचा, "बाबा, वास येतोय ना? की मलाच?" काका म्हणायचे, "येतोय रे, अमोनिया आहे," की विषय संपायचा. कधी म्हणायचे, "नाही, आज काही नाही." तरी संपायचा. समोरच्या दारातून मी हे बघत असे आणि मनात म्हणायचे, एवढा मोठा आजार आणि एवढं साधं औषध.

याच सुमाराला सलिलच्या बहिणीचं, वल्लरीचं, लग्नाचं चाललं होतं. वल्लरी ठाण्याच्या बँकेत आहे, हुशार, मोजकं बोलणारी. पहिलं स्थळ आलं तेव्हा तिने स्वतःच भावाचं सगळं सांगितलं होतं. ते लोक पोहे संपवून गेले आणि परत फोन आला नाही. दुसऱ्या वेळी सरोजकाकूंनी परस्पर सांगून टाकलं, "मुलगा पुण्याला असतो, कंपनीत." काका तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. वल्लरीही काही बोलली नाही. तेव्हापासून दामल्यांचा मुलगा पाहुण्यांपुरता पुण्याला राहायला लागला.

आता पुण्याच्या मुलाने डोंबिवलीच्या हॉलमध्ये दिसून कसं चालेल? म्हणून त्या दिवशी त्याला शहाडला आत्याकडे पाठवायचे. कारण पाहिजे म्हणून आत्याचा मिक्सर. "आत्याचा मिक्सर बंद पडलाय, जरा बघून ये रे." सलिल स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन आनंदाने जायचा. आत्या बिचारी भाबडी. तिला भाच्याची दया यायची, म्हणून तो यायच्या आधी ती स्वतःच आतली वायर सुटी करून ठेवायची, पोराला काहीतरी काम सापडावं म्हणून. सलिल ती जोडायचा, आत्या त्याला गोडाचं जेवू घालायची आणि इकडे पाहुणे पोहे खाऊन उठायचे.

पण सलिल वेडा नव्हता. आजारी होता. ठाण्याच्या मुकुल पेंडशांच्या घरचे वल्लरीला बघून गेल्यावर एका संध्याकाळी मी अळूवड्यांचा डबा द्यायला दामल्यांकडे गेले होते. काका टीव्हीसमोर, सलिल त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलेला. मला बघूनही तो थांबला नाही. गटातलं काम होतं ते, लपवायचं नाही असं मेघनाने सांगितलेलं.

"बाबा, मी एक विचारू? खरं सांगा हां. आत्याचा मिक्सर पाहुणे यायच्या दिवशीच कसा बिघडतो?"

"म्हणजे?"

"मला असं वाटतंय, की मला मुद्दाम बाहेर पाठवतात. तुम्ही सगळे मिळून. दुसरं कारण पण असू शकतं, मिक्सर जुना आहे. पण मी गेलेलो तेव्हा प्रत्येक वेळी तीच वायर सुटलेली. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारू."

स्वयंपाकघरात काकूंचं लाटणं थांबलं. काका म्हणाले, "नाही रे. भलतंच काय. जुना मिक्सर आहे तो, बिघडतो."

सलिलने मोठा श्वास सोडला. मग त्याची मान खाली गेली. "सॉरी बाबा," तो म्हणाला. "तुमच्यावर संशय घेतला मी. डोकं माझंच तसलं." आणि त्याने वाकून काकांच्या पायाला हात लावला. मला वाटलं किती गुणी मुलगा. काकांनी पाय मागे ओढून घेतले, ते मला विनयाने वाटलं. मी डबा ठेवून घरी आले.

पुढच्या शनिवारी सलिलने हे सगळं गटात सांगितलं. कसा संशय आला, कसा पुरावाही दिसला, तरी घाई केली नाही, आपल्या माणसाला विचारलं आणि संशय सोडून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेघनाने मागे वळून काकांना म्हटलं, "काका, तुमच्यामुळे." काका मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते.

हे त्यांनी मला सांगितलं ते टाकीपाशी, गच्चीत. मिक्सरचं, पुण्याचं, सगळं तेव्हाच मला कळलं. टाकीचं झाकण हातात धरून उभे होते, ते खाली ठेवायचंही भान नव्हतं. "चित्रा, पोराने रंग बरोबर ओळखला होता गं," ते म्हणाले. "मी चांगल्या मालावर खराबची सही केली."

मी म्हटलं, "मग जा आणि सांगा त्याला. आत्ता. मी येते बरोबर."

"वल्लरीचं ठरत आलंय. मुकुलच्या घरचे परत येणार आहेत, साखरपुड्याची तारीख काढायला. एवढं पार पडू दे."

"आणि तोवर तो स्वतःला वेडा समजत बसू दे?"

त्यांनी झाकण टाकीवर बसवलं. मला त्यांची कीव आली आणि रागही इतका आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते हवंच होतं असं वाटतं. शिक्षा मिळाली की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं.

पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. सलिलला धास्ती बसली. घरच्या माणसांवर एवढा पक्का संशय आला, म्हणजे आजार परत डोकं वर काढतोय, असं त्याने ठरवलं. ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा स्वतःहून म्हणाला, "डॉक्टर, विचार परत यायला लागलेत." डॉक्टरांनी काकांकडे बघून विचारलं, "घरात काही घडलंय का? या संशयाला काही आधार?" काका म्हणाले, "नाही, तसं विशेष काही नाही." डॉक्टरांनी गोळी वाढवली.

वाढलेली गोळी काय करते ते मी समोरच्या दारातून पाहिलं. सलिल दुपारचाही झोपायला लागला. जिभेवर बोलणं जड झालं. हात कापायला लागले, मग दुरुस्तीला आलेल्या इस्त्र्या तशाच पडून राहिल्या. एकदा माझा पंखा उघडून बसला आणि छोटा स्क्रू त्याच्या बोटांतून पुन्हा पुन्हा पडत राहिला. "होईल हो चित्राताई," तो म्हणाला, "सध्या जरा वाढलंय माझं." काका दारात उभे राहून ते बघत होते. माझ्याकडे मात्र बघत नव्हते.

पेंडसे यायचा दिवस उजाडला. काकूंनी मला मदतीला बोलावलं होतं. मी गेले ती मनातून चरफडतच. पोह्यांची फोडणी चालू होती, वल्लरी आत तयार होत होती. दारापाशी सलिल शहाडला निघायच्या तयारीत स्टुलावर बसला होता, स्क्रूड्रायव्हरची पिशवी मांडीवर. सँडलचा पट्टा बकलात जात नव्हता. बोटं थरथरत होती. तो हसून म्हणाला, "बाबा, आज आत्याचा मिक्सर काही माझ्याच्याने होत नाही बहुतेक. पण जाऊन येतो. ती वाट बघेल."

काका त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्याच्या सँडलचा पट्टा लावायला लागले. पट्टा लागला तरी उठेनात.

"आत्याचा मिक्सर चांगला आहे," ते सँडलकडे बघून म्हणाले.

"झाला? कोणी केला?"

"बिघडलाच नव्हता. कधीच."

काकू आतून "अहो," एवढंच म्हणाल्या. सलिलला समजायला वेळ लागला. गोळीने सगळंच त्याच्यापर्यंत उशिरा पोचत होतं.

"म्हणजे मी विचारलेलं तेव्हा..."

"मी खोटं बोललो. तू बरोबर होतास. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही खोटंच बोललो."

"मग ही गोळी?"

"माझ्यामुळे वाढली."

तो ओरडेल, पिशवी फेकेल, असं मला वाटलं. झालं असतं तर बरं झालं असतं. तो बापाच्या टकलाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "का पण?"

"लाज वाटली."

"माझी?"

इथे काकांना नाही म्हणता आलं असतं. मी तर म्हटलंच असतं. पण त्या दिवशी ते खोट्याला विटले होते. "हो," म्हणाले. "तुझी. आता माझी वाटते."

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनीच दार उघडलं. पेंडसे, त्यांची बायको, मुकुल, कोणीतरी मावशी, हातात पेढ्यांचा बॉक्स. अजून उंबऱ्याच्या बाहेरच होते. काका म्हणाले, "या. हा सलिल, माझा मुलगा. पुण्याला नसतो, इथेच असतो. याला स्किझोफ्रेनिया आहे, औषध चालू आहे. पुण्याचं आम्ही खोटं सांगितलं होतं." एवढं एका दमात बोलले आणि मग त्यांना पुढे काय करायचं सुचेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं. सलिल स्टुलावरून उठला, नमस्कार केला. त्याचे हात कापत होते आणि सगळे ते हात सोडून बाकी सगळीकडे बघत होते. पोहे खाल्ले गेले. तारखेचा विषय निघाला नाही.

आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. ती आधी जुळलेली होती. मुकुलने वल्लरीला स्वतः फोन करून माफी मागितली, तेवढा तरी बरा. पण माफी मागूनही नाहीच म्हणाला. वल्लरी बरेच दिवस काकांशी बोलली नाही. काकूंना मी विचारलं, रागावलात का? त्या म्हणाल्या, "कोणावर रागवू? सुरुवात माझीच होती." आणि पदराने डोळे पुसून कांदा चिरायला लागल्या.

काकांनी मग एकेक करून सगळं निस्तरलं. डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, गोळी पूर्वीइतकी झाली. कल्याणच्या गटात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, आपण काय केलं ते सांगितलं. तिथे त्यांना कोणी वाईट बोललं नाही. मेघना म्हणाली, "काका, सगळ्यांचंच होतं." तेच वाक्य. या वेळी ते त्यांनी कोणाला ऐकवलं नाही, मला सोडून. आता लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर ते कुठे आणि कशाला चाललोय ते स्वच्छ सांगतात आणि रस्त्याने सलिलच्या बरोबरीने चालतात. सलिलच्या हाताचा कंप गेला. माझा पंखा चालू झाला. तो बापाशी नीट वागतो, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून देतो. वरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागेवर आलं.

परवा सकाळी वारा फिरला आणि मजला वासाने भरला. मी खिडक्या लावून दार उघडलं तर सलिल माझ्याच दारात.

"चित्राताई, एक विचारायचं होतं. वास येतोय ना? की मलाच?"

त्याच्या मागे, त्यांच्या स्वतःच्या दारात, मधुकाका उभे होते. वास आला की बिल्डिंगभर लोक ज्यांना विचारतात, तो माणूस दोन हातांवर. तेवढ्यात काकांनी सवयीने नाक वर केलं, डोळे मिटले.

"येतोय रे," ते हळूच म्हणाले. "सल्फाइडचा आहे."

सलिलने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. मान हलवली, अगदी आदराने. आणि मग परत माझ्याकडे वळून विचारलं,

"चित्राताई, येतोय ना?"